पौर्णिमेची गोळी

टाकव्याच्या विहारात डाव्या भिंतीवर माझं प्रमाणपत्र अजून लटकतंय. आरोग्य-स्वयंसेवकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचं. समितीने हौसेने फ्रेम करून लावलं. ते मी कसं मिळवलं, हे वर्षभर कुणाजवळ बोललो नाही.

लोणावळ्यात हॉटेलच्या काउंटरवर बसून मी ते धडे लावायचो. आवाज बंद, मोबाइल उपडा. शेवटी प्रश्न यायचे. चुकलं तर पुन्हा उत्तर देता यायचं. उपास आणि मधुमेहाचा धडाही असाच उपडा पडून संपला.

गेल्या वर्षी पावसाळ्यात, वर्षावासातल्या एका पौर्णिमेला मी विहारात लोकांचं बीपी तपासत होतो. आमच्या शेजारच्या मावशी पांढरं लुगडं नेसून आल्या. त्यांनी अष्टशील घेतलेलं, म्हणजे दुपारी बारानंतर अन्न नाही.

"आलं का आमचं मोबाइलवालं डाक्टर!" त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, सांजची साखरंची गोळी घिऊ का आज? पोटात तर काय न्हाई."

मागे रांग होती. 'मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारा,' एवढंच म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "गोळी कधी चुकवायची नाही, मावशी."

"व्हय, व्हय. तुमी शिकल्यालं मानूस."

सकाळी त्या उठेनात. दवाखान्यात साखर अगदी खाली गेलेली निघाली. तिसऱ्या दिवशी गेल्या.

मावशींच्या पुण्यानुमोदनाचा विधी उरकून घरी आलो आणि तो धडा पहिल्यांदा आवाज लावून पाहिला. उपाशीपोटी गोळीने साखर फार उतरते, आधी डॉक्टरांना विचारा. सुरुवातीलाच सांगितलं होतं.

नंतरही मी बीपी तपासत राहिलो. पांढरं लुगडं समोर बसलं की पट्टा गुंडाळताना हात थांबायचा. वाटायचं, आता हीसुद्धा तेच विचारणार.

गेल्या पौर्णिमेला मावशींची सून विहार झाडत होती. तिला सगळं सांगितलं. तिचा झाडू थांबला.

"गोळी म्याच दिली व्हती त्यांच्या हातात," ती म्हणाली. "वरीस झालं, ह्ये माज्याशी बोलत न्हाईत. मला बी वाटायचं, म्याच मारलं आत्यास्नी. आन् तुमी रोज आमच्या दारावरनं जाताय की, भाऊ!"

तिने झाडू भिंतीला टेकवला.

"चला घरी. ह्यांच्यापुढं बोला ह्येच."

मी चपला शोधत राहिलो. समोरच होत्या.