गेटच्या आतला नियम

धुमाळ सरांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या कुवेतमधल्या, सबाह अल-सालेम भागातल्या घराच्या दारात झाली. सर इथल्या भारतीय शाळेत इतिहास शिकवतात आणि शुक्रवारी सकाळी मराठी मुलांना घरी बोलावून तोच विषय मराठीतून सांगतात. माझी मुलगी मुग्धा नुकतीच तिथे जाऊ लागली होती. हॉस्पिटलची ड्युटी संपवून मी तिला न्यायला गेले, तर सर जमिनीवर जगाचा नकाशा पसरून मुलांमध्ये मांडी घालून बसले होते. शेजारी वफ्राच्या मळ्यांतल्या खजुरांचे खोके होते. उत्तर देणाऱ्याने खजूर खायचा आणि त्याची बी नकाशावर योग्य जागी ठेवायची, अशी त्यांची पद्धत होती.

त्या दिवशी धडा होता, अमेरिका समुद्रापलीकडे कशी पसरली.

"जहाजाला काय लागतं?" सरांनी विचारले.

"कोळसा."

"भर पॅसिफिकमध्ये तो साठवणार कुठे?"

"बेटावर."

"बेट कोणाचं?"

"ज्याचा कोळसा त्याचं, सर," एक मुलगा म्हणाला आणि सगळे हसले.

सरही हसले. "अगदी असंच झालं. हवाईच्या राणीला कोणी विचारलं नाही."

हवाई, ग्वाम, फिलिपिन्स अशा बिया पडत गेल्या. "स्पेनच्या हातून सोडवायला आलो म्हणाले, आणि मग ज्यांना सोडवलं त्यांच्याशीच लढत बसले," हे सरांनी इतक्या शांतपणे सांगितले की मुलांचे चघळणे थांबले. पुढे त्यांनी विचारले, "बेट राखायला कोण लागतं?"

"सैनिक."

"आणि सैनिकाला?"

"बर्गर," कोणीतरी म्हणाले. पुन्हा हशा झाला.

मुग्धा म्हणाली, "अँड एसी, सर. बाबा फिक्सेस देअर एसी."

माझे पती सुरेश एका कंत्राटी कंपनीतर्फे इथल्या एका अमेरिकन तळावर एसी दुरुस्त करायचे. या वेळी सर हसले नाहीत. "मग तुझे बाबाही या धड्यात आहेत," एवढेच म्हणाले. मला तेव्हा ते कौतुक वाटले होते.

सरांच्या निरोपानिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी लेख मागताना संपादकांनी मला बजावले, "वहिनी, सरांच्या आठवणी लिहा, राजकारण मात्र नको." मी दोनदा तसे लिहून पाहिले. जमले नाही. त्यांची क्षमा मागते आणि पुढचे लिहिते.

कुवेतमध्ये उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. हे इथल्या प्रत्येक कामगाराला माहीत असते. सुरेश म्हणायचे, "गेटच्या आत ते चालत नाही." जुलैतल्या एका दुपारी तळावरच्या बराकीचे एसी बंद पडले. आत विश्रांती घेणाऱ्यांना उकाडा सहन होईना, म्हणून सुरेशना छपरावर चढवले. ते तिथेच कोसळले. कंपनीने कळवले, हृदयविकाराचा झटका. मी नर्स आहे. त्यांना मी पाहिले आहे. उष्माघाताने गेलेले माणूस कसे दिसते, ते मला कोणी सांगायची गरज नाही.

मला फक्त एवढेच हवे होते की ते कामावर, उन्हाने गेले असे कोणीतरी म्हणावे. सुरेशच्या कंपनीच्या शुवैखमधल्या ऑफिसात सर माझ्याबरोबर आले. मॅनेजर आपल्याकडचेच निघाले.

"वहिनी, फार वाईट झालं. पण झटका कोणालाही येतो."

"भर दुपारी ते छपरावर का होते?" सरांनी विचारले.

"सर, ते गेटच्या आतलं. तिथे आमचं काही चालत नाही."

"कुवेतच्या कायद्याचं?"

"त्याचंही नाही."

"म्हणजे माणूस तुमचा, जमीन कुवेतची, हुकूम अमेरिकेचा आणि मरण कोणाचंच नाही."

मॅनेजर जरा तापले. "तुम्हाला तुमच्या व्हिसाची काळजी नाही का?"

"आहे ना," सर म्हणाले. "म्हणून तर बसून बोलतोय."

त्या तळावर त्यांच्या मृतांसाठी झेंडे अर्ध्यावर उतरवतात, स्वातंत्र्यावर भाषणे होतात. त्यांच्या दुःखाबद्दल माझी तक्रार नाही. पण जगभर बेटांवर आणि वाळवंटांत तळ उभारणाऱ्या एवढ्या मोठ्या देशाला, त्यांच्याच छपरावर मेलेल्या एका मिस्त्रीचे नाव घेणे जड जावे, याची मला चीड येते आणि ती कमी होत नाही.

आमचे कुवेती घरमालक अबू नासर समाचाराला आले, तेव्हा सर बसलेले होते. ते सरांना म्हणाले, "उस्ताद, इराकच्या तावडीतून सोडवायला अमेरिकन आले म्हणून मी आज माझ्या घरात आहे."

"खरं आहे, अबू नासर. मी मुलांना तेही शिकवतो. पण घर सोडवलं म्हणून त्या घराचा नियम पाळायचा नाही का?"

अबू नासरांनी तसबीहचे, हातातल्या जपमाळेचे, दोन मणी पुढे ओढले. मग म्हणाले, "पाळायला हवा."

पुढे एका शुक्रवारी सरांनी तोच धडा पुन्हा घेतला. काही पालकांनी त्यानंतर मुले पाठवणे बंद केले. सरांनी कोणाला दोष दिला नाही आणि धडाही बदलला नाही. त्या शुक्रवारी प्रत्येक बीपाशी थांबून ते विचारत होते, "इथल्या गेटच्या आत नियम कोणाचा?" क्युबातला आरमारी तळ झाला, पनामाच्या कालव्याची पट्टी झाली. मग त्यांनी मुग्धाच्या हातात खजूर ठेवला. तिने तो खाल्ला नाही, नुसती बी काढली आणि कुवेतवर ठेवली.

"इथे काय झालं?" सरांनी विचारले.

घरी मी मराठीत विचारले तरी इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी मराठीत म्हणाली, "इथे माझे बाबा गेले. काम करताना. उन्हाने."

"बरोबर," सर म्हणाले.

मी दारात, चपलांपाशी उभी होते. कोणत्याही ऑफिसात मला न मिळालेले वाक्य मी तिथे ऐकले.

आता साठी पूर्ण करून सर कराडजवळच्या आपल्या गावी परतत आहेत. सर, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडू नये, सावलीत बसावे. ऊन उतरले की गावातली मुले जमवावीत, नकाशा पसरावा. आणि कुवेतवर बी ठेवताना त्यांना सुरेशचे नाव सांगावे.