ताई बाहेर पायरीवर बसायची

त्या घरातून मरणाचा फोन येणार, याची तयारी मी कितीतरी वर्षं मनात करून ठेवली होती. तो दाजींबद्दल असेल, असं धरून चालले होते. फोन आला तो दाजींचाच, भल्या सकाळी, आणि आवाज अगदी स्वच्छ. "सुमन गेली," ते म्हणाले. शब्द कुठे अडखळला नाही. रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, हा माणूस प्यायलेला नाही... आणि ताई नाही.

सुमनताई माझी सख्खी मोठी बहीण. लग्न होऊन पिंपळगाव बसवंतला गेली. दाजी द्राक्षांच्या पॅकहाऊसवर सुपरवायझर. कामाला वाघ, पण संध्याकाळ झाली की पाय घराकडे वळत नसत. ताई ब्लाऊज शिवायची, आणि उरलेल्या वेळात नवऱ्याची दारू सोडवायची. गळ्यात माळ घालून झाली, चहातून कसलीशी पावडर देऊन झाली, व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून झालं. मग एक दिवस भर बाजारात तिनं एका टेम्पोवाल्याला अडवलं. एके काळी दाजींच्याच सोबत पिणारा, आता सुधारलेला. तुमची कशी सुटली, असं तिनं त्याला सरळ विचारलं. तो इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "नाशिकला मीटिंग असती, ताई. समदी आमच्यासारखीच माणसं. फक्त माझं नाव नका सांगू कुणाला."

ही मीटिंग दर रविवारी संध्याकाळी पंचवटीतल्या एका शाळेच्या वर्गात भरायची. माझं घर तिथून जवळ, म्हणून दोघं एसटीनं आधी माझ्याकडे यायची. पहिल्या रविवारी दाजी फाटकातूनच मागे फिरले आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसले. ताई मात्र आत गेली. लहान पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून मोठमोठे बाप्ये बसलेले, आणि त्यांच्यात ही एकटी बाई. तिनं विचारलं, "माझा माणूस बाहेर बसलाय. त्याच्या जागी मी बसले तर चालंल का?" कुणी हसलं नाही. एक वयस्कर गृहस्थ उठून टपरीवर गेले, दाजींच्या शेजारी बसले, चहा मागवला आणि स्वतःच्याच दारूची गोष्ट सांगत राहिले. उपदेशाचा एक शब्द नाही. पुढच्या रविवारी दाजी आत गेले, ताई बाहेर पायरीवर बसली. ती तिथेच बसत राहिली. हातात कुणाचं तरी ब्लाऊज आणि हुक लावायची सुई.

द्राक्षाच्या हंगामात ते पुन्हा घसरले. बाई नाशिकला जाऊन घराची अब्रू चव्हाट्यावर मांडते, असं सासूबाई गावभर बोलल्या. ताईनं मात्र रविवारी दाजींना आंघोळ घालून एसटीत बसवलं. असं किती वेळा झालं ते आता आठवतही नाही... पिणाऱ्यांच्या बायकांचीही वेगळी बैठक असते, असं मी तिला सांगितलं. ती दोनदा जाऊन आली. "तिथल्या बाया म्हणतात, त्याची काळजी सोडा, स्वतःकडं बघा," ती म्हणाली. "मग ह्यांना गाडीत कोण बसवील?"

शेवटी दाजी टिकले. न पिता एक वर्ष झालं तेव्हा वर्गात केक आणला, घरच्यांनाही आत बोलावलं. तेव्हा कुठे ताई पायरीवरून उठून बाकावर बसली. दाजी चांगलं बोलले. देवाचे आभार मानले, त्या वयस्कर गृहस्थांचे मानले, टेम्पोवाल्याचे नाव न घेता मानले. शेवटी म्हणाले, "घरच्यांनीही सहन केलं." घरच्यांनी. ताई सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होती. परतताना रिक्षात तिनं माझा हात धरला आणि सांगितलं की छातीत गाठ आहे, बऱ्याच महिन्यांपासून. मी ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर हे परत बाटलीला लागले असते. त्यांचं वर्ष होऊ दे म्हटलं."

डॉक्टरांनी गाठ तपासली आणि इतके दिवस काय करत होता, असं विचारलं. दाजी माझ्याकडे बघायला लागले, मी ताईकडे. त्यानंतर दाजींनी तिचं सगळं केलं, अगदी मनापासून केलं, हे मी नाकारत नाही. पण तिच्या वाट्याला असा नवरा आला तो ती खाटेवर पडल्यावर.

दहाव्याला नाशिकला गोदावरीवर, आमच्या गंगेवर, मीटिंगमधली माणसं आली होती. एकजण मला म्हणाला, "एवढं आभाळ कोसळलं, तरी त्यांनी थेंबाला हात लावला नाही. केवढी हिंमत!" तिच्या दहाव्यालासुद्धा कौतुक त्यांचंच... मी तिथून उठून पाण्याकडे गेले.

परवा पिंपळगावला गेले, तिच्या साड्या आवरायला. संध्याकाळी दाजी कामावरून आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. मला कळेना. मग आठवलं. ताई रोज दारात जायची, हातातली पिशवी घ्यायच्या निमित्तानं जवळ जाऊन त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. पिणं सुटल्यावरही घ्यायची. आणि ते पिशवी पुढं करून हळूच श्वास सोडायचे. आताही ते तसेच उभे होते, पिशवी पुढं करून. आत ताई नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी पाय उचलत नव्हता.

मी गेले. पिशवी घेतली. वास येत नव्हता. त्याचाच मला राग आला.