कोंडामावशीची गोणपाटं

उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजले की भिंगारमधल्या आमच्या गल्लीत कोंडामावशी दारात उभी राहून हाक द्यायची, "मिटा गं बायांनो." मग सगळ्या खोल्यांच्या खिडक्यांवर बाहेरून गोणपाटं खाली सुटायची. दिवस कलला की दुसरी हाक, "उघडा." तिच्याकडे घड्याळ नव्हतं. समोरच्या भिंतीवरचं ऊन नळाच्या तोटीपर्यंत उतरलं की तिचे नऊ वाजत.

शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली तेव्हा मी तिच्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहायला आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी आजही ताठ मानेने सांगतो. आई-वडील पाथर्डीकडचे, ऊसतोडीला जायचे. माझं निम्मं लहानपण फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, गेलं. मावशीही त्याच भागातली. उमेदीची सगळी वर्षं तिने ऊस तोडला आणि कोपीत संसार केला.

बायको सुनीता बाळंतपणाला संगमनेरला माहेरी गेली होती. ती बाळाला घेऊन येणार म्हणून मी खिडक्यांना जाड, मरून रंगाचे पडदे आणले. मावशी बघायला आली आणि तिने पडद्यावर तळहात ठेवला.

"मास्तर, ह्यो तर तव्यावानी तापलाय."

"मावशी, जाड कापड आहे. ऊन येत नाही."

"काचंतून आत आलंच की. आता पडदा तापला, त्यो घर तापवनार. उनाला भाईरच गाठायचं आसतं."

तिने दोन पोती उसवून एकाला एक जोडली आणि खिडकीच्या बाहेर, काचेपासून वीतभर लांब टांगली. दुपारी त्यांच्यावर भाजी धुतलेल्या पाण्याचे हबके मारायचे. मी म्हणालो, "याला बाष्पीभवन म्हणतात. नववीला शिकवतो मी."

"म्हनत आसतील. तांब्या आन."

खोली खरंच गार झाली. पण शाळेतून येताना लांबूनच ती पोती दिसायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कोपीतून बाहेर पडायला मी शिकलो, आणि ही बाई माझ्या खिडकीला कोपी आणून लावत होती.

सुनीता बाळाला घेऊन आली. दहा दिवस पोरगी दुपारभर शांत झोपली. मग सासऱ्यांचा फोन आला. अण्णांना पत्र्याची खोली मुळातच पसंत नव्हती. "रविवारी येऊन बघतो. बाळाला त्रास होत असेल तर दोघींना पावसाळ्यापर्यंत परत नेतो," म्हणाले. माझी लेक मला नुकती कुठे ओळखू लागली होती. ती परत जायला नको, म्हणून मी रविवारी सकाळी घर नीटनेटकं केलं आणि गोणपाटं काढून ठेवली.

सुनीता म्हणाली, "राहू द्या ना."

"तुझ्या वडिलांना वाटेल, जावई अजून कोपीतच राहतोय."

मावशी त्या दिवशी बाजाराला गेली होती. नाहीतर तिने मला हात लावू दिला नसता.

अण्णा आले. बसल्या बसल्या म्हणाले, "पडदे भारी आहेत." एक वाजेपर्यंत पंखा गरम हवा फेकू लागला. पोरगी लालबुंद होऊन रडायला लागली. अण्णांनी तिला उचललं, मानेखाली हात घातला.

"जावईबापू, पडदे भारी आहेत, पण पोर भाजतीय. पाचच्या गाडीने दोघींना नेतो मी."

सुनीता माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "मास्तर, खिडक्या उघड्या-नागड्या कुनी केल्या?"

मी खाली बघितलं. मावशीने पिशवी ठेवली, एकदा अण्णांकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.

"लाज वाटली व्हय? कालेज शिकलास, पर उनाला काय म्हाईत? त्ये पदवी बघून मागं फिरनार हाय का?" मग अण्णांकडे वळून, "पाव्हणं, बसलात काय? तुमी उंच हायसा. त्या खिळ्याला दोरी बांधा."

स्वतःच्या घरात कधी खिळाही न ठोकलेले अण्णा धोतर सावरत स्टुलावर चढले. खालून मावशीचं चालूच, "वीतभर जागा सोडा मधी. वाऱ्याला वाट नगं का?" मी तांब्याने हबके मारत होतो. ओल्या तागाचा वास खोलीत पसरला. तासाभरात पोरगी झोपली. तिच्या शेजारी टेकलेले अण्णाही झोपले आणि घोरू लागले. त्यांना कुणी उठवलं नाही. जागे झाले तेव्हा पाचची गाडी निघून गेली होती.

डोळे चोळत त्यांनी मावशीला विचारलं, "बाई, असं पोतं मिळतं कुठं?"

दुसऱ्या दिवशी अण्णा एकटेच संगमनेरला गेले. काखेत दोन गोणपाटं होती.

गेल्या वर्षी मावशी गावाकडे मुलाकडे राहायला गेली. जाताना मरून पडदे मागून घेतले, "गोधडीला चांगलं हायेत." आता सकाळी नऊला तिचा फोन येतो, "मिटलं का?" आता शाळेत जाणारी माझी लेक उत्तर देते, "मिटलं, आजी."

आज आमचे मुख्याध्यापक पहिल्यांदाच जेवायला येणार आहेत. सुनीताने हसत विचारलं, "गोणपाटं काढायची का?"

मी तांब्या भरून बाहेर गेलो.