शकुंतला मॅडम आणि एकच फ्लास्क

शकुंतला मॅडम पेशी वाढवायचा फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवण्याआधी खिडकीच्या उजेडात धरायच्या. आतला द्रव गुलाबी असला तर पेशींना अजून खायला आहे, पिवळा पडला तर आपल्याला उशीर झाला. “रंगावरूनच कळतं की, उपाशी हायेत का न्हाय,” असं म्हणून मगच खुर्ची ओढायच्या.

तामलवाडीजवळच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत जनावरांच्या रोगांवर काम चालतं. त्यासाठी लागणाऱ्या वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशी मॅडमनी स्वतः वाढवल्या होत्या. पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढतात. तळ भरत आला की त्या सोडवून नव्या फ्लास्कांत वाटायच्या, म्हणजे पॅसेज करायचा. लवकर केला तर विरळ पडून मरतात, उशीर केला तर गर्दीत गुदमरतात. मी त्यांचा सहायक. तळ किती टक्के भरला ते मी सांगायचो. सत्तर म्हटलं की त्या हसायच्या. “सत्तर कुठं? कोपऱ्यात नव्वद, मधी चाळीस. सरासरीत कुणी ऱ्हात न्हाय, मोरे.”

गेल्या उन्हाळ्यात पेशी गोठवून ठेवायच्या टाकीतला, थंडावा टिकवणारा द्रव नायट्रोजन संपला. भरायला येणारी गाडी वाटेत बंद पडली होती. सगळा साठा गेला, एकच फ्लास्क उरला, आणि तोही धड वाढत नव्हता. मॅडमना तेव्हा बोलतानाही धाप लागायची. या पेशी गेल्या तर त्यांचं आयुष्यभराचं काम जाणार, हे दोघांनाही माहीत होतं.

माझ्या हिशोबाने तळ निम्माच भरला होता, म्हणजे थांबायला हवं होतं. मॅडमनी बराच वेळ पाहिलं. पेशी एका बाजूला दाटल्या होत्या आणि त्या दाटीतल्या काही गोल होऊन तळापासून सुटत होत्या. आजच काढायच्या, असं त्या म्हणाल्या. एवढ्याशा पेशी दोन ठिकाणी कशा वाटायच्या, मी विचारलं.

“वाटायच्या न्हाईत. सोडवायच्या, नि तेवढ्याच एका फ्लास्कात पसरून बसवायच्या. घर तेवढंच, फक्त दाटी मोडायची.”

खुर्चीत टेकत त्यांनी पिपेट माझ्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी पेशी सगळीकडे सारख्या चिकटलेल्या दिसल्या. मॅडमनी पदराने चष्मा पुसला आणि मला चहा सांगायला पिटाळलं.

त्याच आठवड्यात त्या सोलापूरला दवाखान्यात भरती झाल्या. फोनवर तब्येत विचारली की म्हणायच्या, “माझं ऱ्हाऊ द्या, त्यांचं सांगा.”

फ्लास्क भरला त्याच सकाळी अणदूरहून त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. आक्का गेली, दुपारी माती. मी फोन ठेवला आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. तळ कडेपर्यंत एकसारखा भरला होता. उद्यापर्यंत पेशी सुटू लागल्या असत्या, आणि हे काम करणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी पेशी सोडवल्या, मोजल्या, टाकी रिकामी झाल्यापासून पहिल्यांदाच दोन फ्लास्कांत वाटल्या. मग एसटी पकडली.

पोचलो तेव्हा अग्नी देऊन माणसं परतत होती. तोंड बघायचं राहून गेलं. भावाने उशीर का झाला विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं.

“दोन झाले व्हय?” त्याने विचारलं. मी मान हलवली. “आईच्या मातीला आक्का बी अशीच मागून आली होती. म्या तिच्याशी वरीसभर बोललो न्हाय.”

मग त्याने मला हाताला धरून स्वतःशेजारी बसवलं.