हाराचे हक्क

आमच्या घराण्यात वकील मी एकटाच. त्यामुळे नातलगांना सल्ला फुकट आणि वर चहाही माझ्याच घरचा, असा अलिखित कायदा आहे. काम करतो ट्रेडमार्क आणि कॉपीराइटचं. म्हणजे नाव कोणाचं, चिन्ह कोणाचं, लेबल कोणी कोणाचं उचललं, यावरून भांडणाऱ्यांचं. "खून-दरोड्याच्या केसेस नाही भेटत का तुले?" असं मावशी अजूनही काळजीने विचारते. लेबलवाले दरोडेखोरांपेक्षा जास्त चिडतात, हे तिला पटत नव्हतं. मग तिच्या भावाच्याच घरी प्रकरण झालं.

तो भाऊ म्हणजे माझा मामा. नागपूरच्या महाल भागात त्याचं मसाल्याचं दुकान. पाकिटावर त्याचाच फोटो: काळी टोपी, जाड मिश्या आणि जगावर उगाच रागावलेला चेहरा. प्रत्यक्षात तो कोणावर आवाजही चढवत नसे. फोटोखाली छापलेलं, "फोटो पाहूनच खरेदी करा". मामाने वयामुळे गल्ला सोडला तेव्हा दुकान थोरल्या मुलाकडे आलं. धाकट्याचं त्याच्याशी पटेना, म्हणून त्याने शहराच्या उत्तरेला, जरीपटक्याच्या बाजारात स्वतःचं दुकान काढलं. तोच मसाला, तोच फोटो, खाली तेच वाक्य. दोन्ही दुकानांत एकच पाटी लागली, "आमची कुठेही शाखा नाही". पाटी दोन्हीकडे खरी होती, कारण भावाभावांत बोलणंच बंद होतं.

थोरला आधी आला. "फोटो दुकानाचा आहे अन् दुकान माझ्याकडे आहे. पाठव त्याले नोटीस."

त्याच आठवड्यात धाकटा आला. "फोटो माझ्या लग्नातला आहे. मी लग्नच केलं नसतं तर फोटो कुठून आला असता?"

हा बिनतोड मुद्दा मी थोरल्याच्या कानावर घातला. बराच विचार करून तो म्हणाला, "पण टोपी मी आणली होती."

कॉपीराइटवरचे निकाल वाचता वाचता माझे केस पिकले. टोपीचा मुद्दा आजवर एकाही विद्वान न्यायमूर्तींपुढे कोणी मांडलेला नाही. कायद्याची केवढी प्रगती असा मामेभाऊ तिथे नसल्यामुळे अडून राहिली, याची हळहळ वाटते.

ज्याचा चेहरा होता त्याला मात्र दोघांपैकी कोणी काही विचारलं नव्हतं. ते मी विचारलं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर मामा-मामी थोरल्याकडेच राहत. मामा पाय चोळत बसला होता.

"मले काय विचारतं गा," तो म्हणाला. "दोघंही माझेच पोट्टे. नेऊ दे दोघांले फोटो. पण कोर्टात जाऊ देऊ नको त्याईले. मी राहो नाही तर न राहो, बापाच्या थोबाडावरून पोरं कोर्टात गेले असं नको व्हायला. एवढं कर माझ्यासाठी."

एवढंच मागितलं त्याने. मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही देईल असा सल्ला दिला. फोटो दोघांनी वापरा, बापाची लेखी संमती घेऊ. पण गिऱ्हाइकाला लांबून फरक कळला पाहिजे. कोणीतरी एकाने पाकिटाचा रंग बदला, चौकट बदला, काहीतरी बदला. थोरला म्हणाला, आमचं दुकान जुनं, आम्ही काही बदलणार नाही. धाकटा उठून गेला. मला वाटलं, रुसला.

रुसला नव्हता. कामाला लागला होता. पुढच्या वेळी आला तो नवं पाकीट घेऊन. फोटो तोच, टोपी तीच, मिश्या त्याच. फक्त गळ्यात झेंडूचा जाडजूड हार.

"आता दिसते ना फरक?"

"अरे, पण मामा जिवंत आहे."

"म्हणून काय झालं? हारात बाबा किती मोठे वाटून राहिले, पाह्य. गिऱ्हाइकाले इज्जत वाटते."

थोरला हे पाकीट बघून भडकेल असं मला वाटलं. तो खूश झाला. हार त्याच्याकडेच राहू दे, म्हणाला, पण लिहून घे. मग मी लिहून घेतलं. थोरल्याने फोटोवर कधीही हार छापायचा नाही, दुकानातल्या फोटोलाही लावायचा नाही. धाकट्याने हाराशिवाय फोटो कधीही वापरायचा नाही. हारवाल्या पाकिटाचं रजिस्ट्रेशन धाकट्याच्या नावावर. जिवंत माणसाचा चेहरा, म्हणून त्याची संमती हवीच. तीही मीच लिहिली, "माझ्या छायाचित्रास हार घालण्यास माझी हरकत नाही." मामाने चष्मा लावून ते वाचलं आणि ठसका लागेपर्यंत हसला. सही केली. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही.

आयुष्यात खूप तडजोडी लिहिल्या. पोरांची कोर्टवारी टळावी म्हणून शहराच्या उत्तर भागापुरतं मरायला तयार झालेला पक्षकार हा एकच.

परिणाम व्हायचे ते झाले. कामठीचे एक जुने गिऱ्हाईक जरीपटक्यात पाकीट बघून तसेच ऑटोने महालात आले, डोळे पुसत जिना चढले आणि दार मामानेच उघडलं. मामाने त्यांना बसवलं, पाणी दिलं, "होते असं" म्हणून समजूत घातली. पुढे आठवडाभर हा किस्सा तो सगळ्यांना सांगत होता.

मग मामा गेला. खरोखरचा. त्या दिवशी मला कसलीही थट्टा सुचली नाही. लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून त्याने मला अख्खं नागपूर दाखवलं होतं. मी रडलो.

तेरवी आटोपली आणि थोरल्याने मला गच्चीवर गाठलं. लोक दुकानात टोमणे मारून राहिले होते, बाप गेला अन् फोटोले साधा हार नाही. करारातलं ते कलम काढून टाक, म्हणाला. मी धाकट्याला वर बोलावलं. त्याचं डोकं भादरलेलं, डोळे रडून सुजलेले. तो म्हणाला, "हार माझा आहे. माझ्या नावावर रजिस्टर आहे. त्याने घातला तर मी कोर्टात जाईन."

"जा," थोरला म्हणाला. "मीही येतो."

मामाने मागितलेली एकच गोष्ट, ती त्याच्या तेरवीच्या दिवशीच मोडायला निघाले होते. मला भयंकर संताप आला. एकाला चार आणि दुसऱ्याला चार लगावाव्यात असं वाटलं. मामी वाळवण काढायला वर आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती थोरल्याला म्हणाली, "तुले काहून पाहिजे गा हार? कागदावर लिहिलं आहे ना, इथं हार लावाचा नाही? मग नको लावू. तिकडे गेले ते. इथं राहू दे त्याईले."

धाकटा खाली मान घालून जिना उतरला. कलम तसंच राहिलं आणि कोर्टात कोणी गेलं नाही.

महालातल्या दुकानात आजही फोटोला हार नाही. मामी सकाळी खाली येते, थोडा वेळ गल्ल्याशेजारी बसते आणि पाकिटं सरळ लावून ठेवते, सगळे चेहरे समोर. माझ्या घरापासून जरीपटका जवळ आहे आणि मसाला दोन्हीकडे सारखाच तिखट. मी महालातूनच आणतो, आणि पाकीट मागच्या बाजूने कापतो.