गोधडी मागणारा बर्फवाला

१२ जूनला बच्चल बर्फवाल्याचे माझ्याकडे साठ रुपये निघत होते. सिंधमधल्या जेकबाबादच्या आमच्या तांदूळ गिरणीत तो गाढवगाडीवरून बर्फ आणायचा आणि दर उन्हाळ्यात तोच विनोद सांगायचा: आपल्या गावचा एकजण नरकात गेला, तिथं गारठला आणि गोधडी न्यायला परत आला.

त्या दुपारी पारा एकावन्नावर होता. बच्चल दारात आला तेव्हा त्याचे दात वाजत होते.

"अदा, भाऊ, गोधडी द्या हो. फार थंडी वाजतेय."

"काय रे, नरकातून सुटी मिळाली वाटतं!" सुमार नावाचा हमाल ओरडला. सगळी गिरणी हसली. कुणीतरी खरंच गोधडी आणून त्याला पांघरली. तोही हसला आणि भिंतीला टेकून बसला.

ऊन लागलं की घाम आटतो, हुडहुडी भरते, हे आमच्याकडे पोरंही जाणतात. त्या हशात ते कुणालाच आठवलं नाही. मी जवळ गेलो तर त्याचं कपाळ कोरडं होतं आणि तव्यासारखं तापलं होतं. श्वास थांबला होता. ओठांवर हसू तसंच होतं.

बाहेर गाढव वितळलेल्या बर्फाचं पाणी चाटत होतं.

त्याचे साठ रुपये अजून द्यायचे आहेत.