दुसऱ्यांदा डेंग्यू

धाकटी बहीण दुसऱ्यांदा डेंग्यूने पडली तेव्हा मी तिला हसत म्हणाले होते, "एकदा होऊन गेला ना? आता तुझं शरीर त्याले ओळखते. घाबरू नको." ते बोलणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यावर पांढऱ्या पेशी काढते, आणि एकदा येऊन गेलेल्या रोगजंतूला शरीर विसरत नाही, असं ठासून सांगते. गोवर, कांजिण्यांचं ते खरं आहे. डेंग्यूचं मी कधी वाचलंच नव्हतं.

आम्ही दोघी सक्करदऱ्याला राहतो. खिडकीसमोर शेजारच्या काकांची गच्ची आणि तिथे दोन मोठे कूलर. उन्हाळा संपून पाऊस लागला, ऑगस्ट आला, तरी टाकीत पाणी तसंच. मी दोनदा सांगायला गेले. काका म्हणाले, "बाई, आमच्या इथं घाण पाणी नाही. पाहा, तळ दिसून राहिला." डेंग्यूच्या डासाला असलंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं, हे मी समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तापाच्या पाचव्या दिवशी सकाळी बहिणीचा ताप उतरला. मला इतकं हायसं वाटलं, की शाळेत फोन करून उद्या येते म्हणून कळवलं आणि खिचडी टाकली. तेवढ्यात ती आतून म्हणाली, "ताई, पोटात लय दुखून राहिलं वं." जाऊन हात धरला तर गारठलेला. ओठ पांढरे. दोनदा उलटी झाली, आणि उठून बसताना तिला भोवळ आली.

ऑटोने धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहत विचारलं, "याआधी कधी झाला होता?"

"दोन वर्षांआधी. तेव्हा साधाच होता."

"मग या वेळेस लवकर आणायचं ना!"

सलाईन सुरू झाल्यावर त्यांनी मला नीट सांगितलं. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. पहिल्या वेळी तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट त्याला पेशीत शिरायला मदतच करतात. शरीर मग इतकं खवळतं की रक्तवाहिन्या पाझरू लागतात. "आणि हे ताप उतरतानाच होतं," त्या म्हणाल्या. "लोकं तेव्हाच निश्चिंत होतात."

लोकं म्हणजे मीच.

तीन दिवस ती आयसीयूत होती. बाहेर नातेवाईक पपईच्या पानांचा रस घेऊन आले. मी एकाच्या हातातली बाटली हिसकून बेसिनमध्ये ओतली. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत.

चौथ्या दिवशी ती धोक्याबाहेर आली. मी घरी आले आणि पिशवीही खाली न ठेवता काकांच्या गच्चीवर चढले. टाकीत अळ्या वळवळत होत्या. जीव खाऊन मी कूलर आडवा केला, मग दुसरा.

काका धावत आले. "बाई, काहून असं करून राहिल्या? डोकं फिरलं का?"

"फिरलं! माझी बहीण मरत होती!"

"आमच्याच कूलरनं झालं कशावरून?"

तो डास कुठल्याही घरचा असू शकत होता. काकूंनी मात्र नवऱ्याकडे न पाहता खराटा आणला आणि पाणी मोरीकडे लोटायला लागल्या. "मी बी सांगून थकली याईले," एवढंच म्हणाल्या.

बहीण आता बरी आहे, पण थकवा जाता जात नाही. परवा तिला कणकण वाटली. मी कपाळावर हात ठेवायला गेले, तर तिने तो बाजूला केला. "तू नको सांगू काही," म्हणाली, आणि सरळ डॉक्टरीणबाईंना फोन लावला.